युवा नेत्यांचा हिवाळी रंग

माणसाचं वय त्याच्या जन्मतारखेवर अवलंबून असतं, हा एक जुना गैरसमज आहे. जन्मतारीख शेवटी कुणीतरी कागदावर लिहिलेली असते, आणि कागदावर काय काय लिहून आणता येतं हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. केस मात्र डोक्यावर असतात, उघड्यावर असतात. म्हणून आमच्या तालुका युवक आघाडीनं घटनादुरुस्ती करून असं ठरवलं, की अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं वय दाखल्यावरून न धरता केसांवरून धरावं. छाननीच्या दिवशी तीन ज्येष्ठ सदस्य उमेदवाराला उजेडात उभं करतात आणि डोकं बघतात. काळं दिसलं की चाळिशीच्या आत. (तिघांपैकी दोघांना मोतीबिंदू आहे. त्यामुळे निर्णय आजवर एकमतानं झालेले आहेत.)

माझा फ्लेक्सचा धंदा. आघाडीचे अध्यक्ष, युवा नेते धनाजीदादा यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मी एकवीस वर्षं छापतो आहे. पहिला छापला तेव्हा दादा पस्तीस वर्षांचे होते. आज फ्लेक्सवर ते अडतीस वर्षांचे आहेत. एकवीस वर्षांत माणसानं स्वतःसाठी फक्त तीन वर्षं घ्यावीत आणि बाकीची अठरा समाजाला देऊन टाकावीत, असा त्याग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तारुण्य टिकवायचं तर ऋतू सांभाळावा लागतो. हा धडा आघाडी महाबळेश्वरला शिकली. काही वर्षांपूर्वी तिथं ऐन जुलैत चिंतन शिबिर ठेवलं होतं. एकतीस युवा नेते पांढरेशुभ्र शर्ट घालून हॉटेलपासून सभागृहापर्यंत दोनशे पावलं चालत गेले. छत्र्या होत्या, पण महाबळेश्वरचा पाऊस खालूनही येतो. सभागृहात पोचले तेव्हा एकतीसच्या एकतीस जणांच्या कॉलरी काळ्या आणि डोकी करडी होती. चिंतन तेवढ्यावरच आटोपलं. त्यानंतर आघाडीचे सर्व महत्त्वाचे कार्यक्रम, निवडणुकीसह, डिसेंबरात घेण्याचा ठराव झाला. म्हणून आमच्याकडे ऊस आणि तारुण्य दोन्हीचा हंगाम एकच.

पण हिवाळ्यालाही खोड आहे. थंडीचं ऊन तिरकं पडतं, आणि तिरक्या उन्हात पाकिटातला कलप बूटपॉलिशसारखा चमकतो. या अडचणीवर उपाय सापडला तो समीक्षामुळे. समीक्षा म्हणजे आमच्या गावच्या न्हाव्याची मुलगी. पुण्यात कोर्स करून तिनं इस्लामपूरला सलून टाकलं. दादांना खुर्चीत बसवून तिनं त्यांच्या डोक्याची पाहणी केली आणि सांगितलं, "दादा, सगळं एकसारखं काळं केलं की माणूस हमखास पन्नाशीचा वाटतो. खरे केस एका रंगाचे नसतात. खाली गडद ठेवू, वर जरा तपकिरी, मधे मधे बारीक तांबूस बट. ह्याला डायमेन्शन म्हणतात. उन्हात वेगळं दिसतं, सावलीत वेगळं."

उन्हात वेगळं आणि सावलीत वेगळं दिसणं हा दादांचा राजकारणातला मूळ गुणच, त्यामुळे हे त्यांना ताबडतोब पटलं. समीक्षाच्या तक्त्यावरची इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसेनात, म्हणून मी मराठी तक्ता छापून दिला आणि पुढे त्याला आघाडीच्या राजशिष्टाचारात स्थान मिळालं. अध्यक्षांना 'काकवी', तीन डायमेन्शनसह. उपाध्यक्षांना 'करपलेला गूळ', दोन डायमेन्शनसह. सरचिटणीस आणि खजिनदार यांना 'ओली तपकीर', एक डायमेन्शन. साध्या सदस्यानं पाकिटातला काळा लावावा आणि उन्हात उभं राहू नये. (एका सदस्यानं परस्पर काकवी लावली होती. त्याला पक्षविरोधी कारवायांसाठी नोटीस गेली.)

यंदाच्या निवडणुकीत मात्र एक विघ्न उभं राहिलं. शिरवळच्या कंपनीत पाळीवर काम करणाऱ्या शिवतेजनं दादांच्या विरोधात अर्ज भरला. शिवतेज सव्वीस वर्षांचा आहे. म्हणजे खरोखरच सव्वीस वर्षांचा, दाखल्यावर आणि दाखल्याबाहेरही. युवक आघाडीत असा माणूस शिरल्यामुळे सगळेच अस्वस्थ झाले. छाननी आठ डिसेंबरला होती, निवडणूक चौदाला. दादांनी ऑक्टोबरपासूनच समीक्षाकडे फेऱ्या सुरू केल्या.

आणि नोव्हेंबरात दादांचे वडील, गुंडाआबा, अंथरुणाला खिळले.

आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. डोकं कापसाच्या बोंडासारखं पांढरं, आणि ते दर पंधरा दिवसांनी समीक्षाच्या वडिलांकडून बारीक करून घ्यायची सवय. गावातल्या पोरांना सैन्यभरतीसाठी पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळवायचे. शिवतेजलाही त्यांनी तीन वर्षं पळवलं होतं. छाती दोन सेंटिमीटर कमी भरली आणि तो शिरवळला गेला. आबांनी आयुष्यात मुलाकडं काही मागितलं नाही. मी आजारपणात भेटायला गेलो, तेव्हा दादा उशाशी बसले होते. आबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं उजेडात धरून बघितली.

"धना, माज्यामागं डोकं काढशील न्हवं?"

"आबा, असं काय बोलताय?"

"काढशील का न्हाई तेवडं सांग."

"व्हय, काढीन की," दादा म्हणाले.

आबा अठ्ठावीस नोव्हेंबरला गेले. दहावा सात डिसेंबरला येत होता. आमच्याकडे मुलानं दहाव्याला घाटावर डोकं काढायची, म्हणजे मुंडण करायची रीत आहे. छाननी त्याच्या दुसऱ्या दिवशी. डोक्यावर केसच नसतील तर घटनेप्रमाणे वय सिद्ध होत नाही, आणि वय सिद्ध होत नसेल तर युवा नेता हा नुसता नेता उरतो. असा पेच आघाडीपुढे पूर्वी कधी आला नव्हता.

कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. छाननी पुढे ढकलावी, अशी सूचना आली; पण ज्येष्ठ सदस्यांपैकी एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दहा तारखेला ठरलं होतं, आणि त्यानंतर त्याला दिसू लागण्याचा धोका होता. नुसती एक बट कापावी, अशीही सूचना आली. पण कापायची झाली तर तीन डायमेन्शनपैकी कोणतं, यावर मतभेद झाले. शेवटी सरचिटणिसांनी मांडलेला ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तो असा: 'ज्याअर्थी आपण लोकशाही मानतो, आणि ज्याअर्थी लोकशाहीत एकाच्या वतीनं दुसऱ्यानं काम करण्याची पद्धत सर्वमान्य आहे, त्याअर्थी मा. अध्यक्षांच्या वतीनं आघाडीचे कार्यकर्ते प्रातिनिधिक मुंडण करतील.' नावं द्यायला झुंबड उडाली. दोनशे चौदा जणांनी नोंदणी केली. (मला टक्कल आहे. माझ्या नावापुढे 'यापूर्वीच केले' असा शेरा मारण्यात आला.)

माझ्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं काम आलं. दादांनी आबांचा फोटो पाठवला, आणि पाठोपाठ फोन.

"जरा आबांच्या केसांचं बघ."

"काय बघू, दादा?"

"आरं, मी अडतीसचा. शेजारी त्यो एवढा पांढराफेक म्हातारा. लोक हिशेब करत्यात गड्या."

मी बघितलं. काकवी जरा भडक वाटली, म्हणून करपलेला गूळ दिला, दोन डायमेन्शनसह, कपाळाजवळ तांबूस बट. काम करताना मला आबांचं वाईट वाटत होतं, हे मी लपवत नाही. मलाही त्यांनी एकदा कॅनॉलवर पळवलं होतं, आणि मी दमून बसलो तेव्हा माझ्याबरोबर बसलेही होते. पण काम चांगलं झालं. आबा अठ्ठावन्नचे दिसायला लागले आणि बापलेक सख्ख्या भावांसारखे.

सात डिसेंबरला सकाळी कृष्णेच्या घाटावर दोनशे चौदा कार्यकर्ते ओळीनं बसले. आठ न्हावी लावले होते. समीक्षाचे वडील मात्र रिकामा पाट मांडून, वस्तरा पाण्यात बुडवून वेगळे बसले होते. तो पाट दादांसाठी होता. त्यांना ठरावाची प्रत मिळाली नव्हती.

आबांच्या पत्नी सुलाबाई फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, "ह्यो कोन रं?"

"आबा हायत, आई."

"माजा म्हातारा पांढरा हुता," त्या म्हणाल्या आणि तिथून हलल्या.

पिंड ठेवले. सगळे मागं सरकले. बाभळीवर एक कावळा येऊन बसला. कावळा उत्तम होता. रंग गडद, मानेला राखाडी छटा, म्हणजे डायमेन्शनही उपजत. तो पिंडाकडे बघे, मग दादांच्या डोक्याकडे बघे, आणि चोच फांदीला पुसून परत बसे. अर्धा तास गेला. लोक रीतीप्रमाणे हात जोडून आबांना शब्द देऊ लागले. म्हशींकडं बघतो म्हणाले. विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो म्हणाले. दादांनी गावाच्या वेशीवर आबांच्या नावाची कमान जाहीर केली. कावळ्यानं पंख साफ केला.

दीड तासानं सुलाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "म्हाताऱ्यानं जमीन मागितली न्हाई का काय न्हाई. दोन मुठी क्यास मागितलं."

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं आलं, मी फोटो काढत होतो, मला जवळून दिसलं. ते पाटाकडं गेले. बसायला अर्धे वाकलेही. समीक्षाच्या वडिलांनी वस्तरा उचलला. तेवढ्यात सरचिटणीस पुढे होऊन त्यांच्या कानाशी म्हणाले, "दादा, उद्या छाननी हाय."

दादा वाकले होते तिथून सरळ झाले. मला वाटतं, त्या दिवशी ते जेवढे म्हातारे दिसले तेवढे पूर्वी कधी दिसले नव्हते. तो फोटो मी पुसून टाकला.

मग भटजींनी मार्ग काढला. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय शास्त्रात आहे, असं त्यांनी सांगितलं. सरचिटणिसांना हे एकदम पसंत पडलं. मुंडण प्रातिनिधिक आहे, तर कावळाही प्रातिनिधिक असायला हरकत नव्हती. गवताचा कावळा पिंडाला शिवला, आणि दोनशे चौदा तुळतुळीत डोकी जेवायला गेली.

मी फ्लेक्स उतरवायला मागं थांबलो होतो. शिवतेज रात्रपाळी करून शिरवळहून आला तो तेव्हा. मोटारसायकल लावून सरळ रिकाम्या पाटावर बसला.

"तुमचं नाव यादीत न्हाई," मी म्हणालो.

"यादी कसली? आबांनी मला पळवलंय तीन वर्सं. मी माज्यासाठी काढतोय."

समीक्षाच्या वडिलांनी वस्तरा लावला. काळेभोर केस घाटाच्या पायरीवर पडले. त्यात समीक्षाचा हात कुठं नव्हता. अर्धं डोकं झालं असेल-नसेल, कावळा बाभळीवरून उतरला, पिंडाशी गेला आणि शिवला. (ही बाब इतिवृत्तात नाही. गणसंख्या नव्हती.)

दुसऱ्या दिवशी छाननी झाली. दादांना उजेडात उभं केलं. खाली गडद, वर तपकिरी, मधे तांबूस. तिन्ही ज्येष्ठांनी 'चाळिशीच्या आत' असा शेरा दिला. शिवतेजच्या डोक्यावर केस नव्हते. त्यानं दाखला पुढे केला, पण दाखला ग्राह्य धरता येत नाही हे घटनेत स्पष्ट आहे. 'वय सिद्ध होत नाही' म्हणून अर्ज बाद झाला. त्यानं वाद घातला नाही. दुपारपाळीला जायचं होतं.

चौदा तारखेच्या सभेला कार्यकर्ते जमले. मुंडणाला सात दिवस झाले होते, आणि सात दिवसांत केस दोन-अडीच मिलिमीटर वाढतात. दोनशे चौदापैकी एकशे एक्याण्णव डोक्यांवर पांढरी खुरटं उगवली होती. आमची युवक आघाडी पहिल्यांदाच आहे तशी दिसत होती. त्या पांढऱ्या शिवारात एकच डोकं काकवीसारखं झळकत होतं. सभागृहातला सर्वात तरुण माणूस कोण, हे सांगायची गरज कुणाला पडली नाही. दादा बिनविरोध निवडून आले. सुलाबाईंनी घरातला आबांचा फौजेतला जुना फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला आहे. कमानीच्या फ्लेक्ससाठी तो मागायला मी दोनदा गेलो. त्यांनी चहा दिला, फोटो दिला नाही.

आता तुम्ही हसत असाल. जरूर हसा. पण हसताना तोंडावर हात गेलाच, तर त्या हाताची बोटं बघा. मतदानाच्या दिवशी तुम्हीही एका बोटाला गडद रंग लावून घेता आणि तो मिरवत फोटो काढता. त्या रंगाला एकही डायमेन्शन नसतं. नख वाढेल तसा तो पुढे सरकतो, मुळाशी पांढरं दिसायला लागतं, आणि मग पाच वर्षं तुम्ही तिकडे बघत नाही. आमचे दादा निदान दर तीन आठवड्यांनी मुळं रंगवायला जातात. तुमच्या वतीनं बोलायला, रडायला, निवडून यायला माणसं नेमलेली आहेत, तेव्हा काळजीचं कारण नाही. मधल्या पाच वर्षांत तुमची हजामत होते, ती मात्र प्रातिनिधिक नसते.