फादर इन्नय्यांचं ताट

पांढरा झगा घातलेला, युनिव्हर्सिटीचा सगळ्यात मोठा साहेब जेवण झालं की स्वतःचं ताट घेऊन नळावर जातो, हे तुम्ही कुठं पाहिलंय? मी रोज पाहिलं. आणि एकटे जातील तर ते फादर इन्नय्या कसले! सगळ्या पोरांना हाकत न्यायचे. "खाए सो धोना, बस!"

सिकंदराबादच्या त्या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत मी आणि माझी बायको हिरा कँटीन चालवायचो. माझं डोकं फिरायचं. अहो, ताटं घासायला बायका ठेवल्या होत्या मी! पोरं खरकटं नळाखाली सोडायची, मोरी तुंबायची. हे कसलं शिक्षण? तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मामा, डिग्री तो कहीं भी मिलती. यहाँ इन्सान बनाना है."

"बनवा की! पण माझी मोरी तुंबवून नका बनवू."

दुसऱ्या दिवशी बघतो तर साहेब झगा खोचून मोरीत हात घालून बसलेले. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एकदा कुकटपल्लीचा एक बाप तणतणत आला. "मेरा बेटा इंजीनियर बनने आया, बर्तन धोने नहीं!"

"हौ साब," फादर म्हणाले. "इंजीनियरां खाना नहीं खाते क्या?" त्याला जेवायला बसवलं आणि शेवटी त्यालाही नळावर उभं केलं. मी कपाळाला हात लावला. हिरा पदर तोंडाशी धरून हसत होती.

तिचा भारी जीव फादरवर. एकदा तिनं मायेनं त्यांचं ताट उचललं, तर त्यांनी ते हातातून हिसकावलं. "नक्को अम्मा, मेरा मैं धोतूं." दिवसभर गाल फुगवून बसली बिचारी. मला अजून राग आहे त्याचा.

मागच्या उन्हाळ्यात हिरा गेली. मी कँटीन सोडलं आणि नारायणगुड्याच्या खोलीत दार लावून बसलो. शेगडी पेटवायची कुणासाठी? लेक फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात?" मी खुशाल हो म्हणायचो.

एका दुपारी फादर डबा घेऊन दारात.

"खाओ मामा."

"भूक नाही."

"फिर मैं भी नहीं खातूं."

आणि बसले की! साखरेचा आजार असलेला माणूस माझ्या घरात उपाशी! शिव्या घालत दोन ताटं वाढली, शिव्या घालत जेवलो.

मी उठलो, तर माझं ताट त्यांनी ओढून घेतलं आणि मोरीत बसून घासायला लागले. मी उखडलोच. "आणि तुमचं ते 'खाए सो धोना' कुठं गेलं? अख्ख्या युनिव्हर्सिटीला छळलंत ना!"

"वो पोट्ट्यों के वास्ते, मामा," ते मान वर न करताच म्हणाले. "मैं छोटेपन में घर छोड़ के पादरी बनने गया. माँ गुज़री तब भी उधरीच था. अपने घर के आदमी की थाली धोना कभी मिलाच नहीं."

त्यांचं ताट बाजूलाच पडलं होतं. मी ते उचललं आणि शेजारी बसलो. त्यांनी लगेच हात पुढं केला.

"गप बसा!" मी ओरडलो. "हे हिराच्या वाटचं आहे."

या वेळी त्यांनी हिसकावलं नाही.