बेचाळिसावं कपाट

सन १९६७. लाकडी सामान बनवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांना सगळी गल्ली कुलूपकाका म्हणायची. गोदामात शिरलेली वस्तू चिठ्ठीशिवाय बाहेर जाणार नाही, हा त्यांचा बाणा. त्या वर्षी घराला रंग काढला आणि काकूंचं माहेरचं सागवानी कपाट ठेवायला जागा उरेना.

"एवढं मोठं गोदाम आहे तुमचं. दोन दिवस ठेवलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?" काकू म्हणाल्या.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमाला मुरड घातली. नेमके दुसऱ्याच दिवशी तपासनीस साहेब मालमोजणीला आले. काका एकेका कपाटाला आकडा डकवत निघाले, आणि हात सवयीने चालतच राहिला. बेचाळिसावं कपाट आपल्याच घरचं होतं, हे साहेबांनी वहीवर सही केल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

घरी थोरली मुलगी वाटच बघत होती. "बाबा, उद्या अकराला शाळेत मुलाखत. पदवीचं प्रमाणपत्र कपाटात राहिलंय. मूळ प्रत नसेल तर नोकरी नाही म्हणालेत."

काकांनी कपाट वहीत चढल्याचं दोघींना सांगून टाकलं.

सकाळी तिघंही गोदामाच्या दारात हजर. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कपाट तुमचं असेल, पण आता ते वहीत आहे. बाहेर न्यायचं तर गिऱ्हाईक हवं. शिवाय आधी आलेला माल आधी जातो. तुमच्यापुढे एक्केचाळीस आहेत."

"मग इथेच उघडते," थोरली म्हणाली.

"नोंदलेला माल गोदामात उघडायचा नाही. तुमच्या बाबांनीच लिहून ठेवलंय भिंतीवर."

थोरलीने भिंतीकडे पाहिलं. "अक्षर छान आहे हो, बाबा."

काका खाकरले. "एक वाट आहे. निकामी माल ज्याचा त्याला लगेच परत जातो. मालकाची सही लागते. म्हणजे... हिची."

"निकामी?" काकू कडाडल्या. "माझ्या आईनं दिलेलं कपाट निकामी? हात तोडला तरी सही करणार नाही!"

साहेबांनी कपाट चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. "यात खोड काढू तरी कुठून? असं काम आता बघायला मिळत नाही."

"बघा! ह्यांना पंचवीस वर्षांत असे दोन शब्द सुचले नाहीत."

"अगं आई, दहा वाजून गेले! तू कुणाच्या बाजूने आहेस?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "लिहा. पुढचा डावा पाय आखूड आहे."

काका दचकले. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ते हेच सांगत होते, आणि काकू म्हणत होत्या, पाय सरळ आहे, तुमच्या घराची जमीनच वाकडी. आता काकांनी चेहरा होईल तितका दुःखी ठेवला. साहेबांनी लिहिलं, काकूंनी सही केली, आणि कपाट दाराबाहेर येताच थोरली प्रमाणपत्र घेऊन धावत सुटली.

नोकरी मिळाली. एकतीस वर्षं शिकवून थोरली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. साहेब बढती मिळून दुसऱ्या शहरी गेले, आणि जाण्याआधी कपाट विकता का म्हणून विचारून काकूंच्या शिव्या खाऊन गेले. काका पुढे बारा वर्षांनी किल्ल्या देऊन घरी बसले. त्या पायाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. काढायची गरजच नव्हती, सहीचा कागद त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला होता. आणि काकू आल्यागेल्याला शेवटपर्यंत सांगत राहिल्या की, ती सही त्यांच्याकडून जबरदस्तीने घेतली होती.