अर्ज क्रमांक सात

लीड्समध्ये नंदाचा मुलगा अडीच वर्षांचा झाला, तरी त्याचं जावळ निघालं नव्हतं. जावळ काढायचं मामाच्या मांडीवर, आणि मामा तिकडे एकेक पायरी चढत होता. बाळ जन्मलं तेव्हा तिचा भाऊ उदय नगराध्यक्ष होता. "निवडणूक होऊ दे ताई, आलोच," म्हणाला. बाळ चालायला लागलं तोवर तो आमदार झाला, बोलायला लागलं तोवर मंत्री. आता फोनवर त्याचे पीए भेटत.

इकडे केस पाठीवर आले. प्लेग्रुपमधली सॅली पोराला 'प्रिटी गर्ल' म्हणू लागली.

"सलूनमध्ये नेऊ या ना," नवरा, हरीश, म्हणाला.

"आणि मांडी कुणाची? एकच भाऊ आहे मला."

शेवटी तिनं चार पानी पत्र लिहिलं. मराठी मंडळाचे पद्माकरकाका मुंबईला निघाले होते, ते म्हणाले, "मंत्र्यांच्या ऑफिसात स्वतः नेऊन देतो." मंडळात हे फुटलं मात्र, पाकिटात आणखी आठ कागद शिरले. कुणाच्या मेव्हण्याची बदली, कुणाच्या भाचीची अ‍ॅडमिशन. काका शिस्तीचे, त्यांनी सगळ्यांवर क्रमांक घातले. नंदाचं पत्र सातवं.

दीड महिन्यानं टाइप केलेलं उत्तर आलं. 'अर्ज क्र. ७. विषय: केस काढणेबाबत. मा. मंत्रिमहोदय कार्यबाहुल्यामुळे येऊ शकत नाहीत. प्रतिनिधी पाठविण्यात येत आहे.'

नंदा हसता हसता रडली.

आणि शनिवारी खरंच दारात एक सुटातले गृहस्थ, हातात फाइल. अभ्यासदौऱ्यावर लंडनला आलेले उपसचिव दिघे.

"मी... मामांच्या वतीनं," ते ओशाळून म्हणाले.

आलेल्या माणसाला परत कसं धाडायचं? नंदानं पाट मांडला, दिघ्यांना बसवलं आणि पोराला त्यांच्या मांडीवर दिलं. हरीशनं कात्री लावताच पोरानं भोकाड पसरलं. दिघ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्याँव केलं. इतकं हुबेहूब, की पोरगं रडायचं विसरून त्यांच्या टायखाली मांजर शोधू लागलं.

"भाचरं आहेत वाटतं तुम्हाला?" नंदानं विचारलं.

"दोन. थोरल्याच्या जावळाला जायचं राहिलं. साहेबांचा दौरा होता."

शेवटची बट निघाली, तशी नंदानं पोराला उचलून झटकलं. दिघ्यांनी केस चिकटलेल्या हातांनी फाइल उघडली. "साहेबांना काय कळवू? कार्यवाही पूर्ण?"

"कळवा. आणि खाली लिहा, इकडे खातेबदल झालाय. मामाचं खातं त्याच्याकडून काढून घेतलं."

दिघ्यांचं पेन थबकलं. "मग ते दिलं कुणाला?"

नंदानं जावळ काढलेलं पोर पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"चहात साखर किती घालू, दादा?"