आधीपासूनचा गुडघा

सलूनवाल्याच्या उजव्या गुडघ्याने एके दिवशी उभं राहायला साफ नकार दिला. शिंप्याचा गुडघा असता तर एवढी चिंता नव्हती, त्याला बसून शिवता तरी येतं. पण गिऱ्हाईक खुर्चीत आणि कारागीर उभा, हा सलूनचा नियम. महिनाभर त्याने एका पायावर भार देऊन लोकांच्या हजामती केल्या. त्या नादात दोघांचे कल्ले खालीवर झाले, एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं, आणि बायकोने विचारलं की दुकान विकायचं की कसं. दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांधा सुजलाय, आत एक इंजेक्शन द्यावं लागेल, दोन मिनिटांचं काम आहे, असं सांगितलं. सलूनवाल्याचा जीव भांड्यात पडला. दोन मिनिटांत तर त्याची एक दाढीही होत नसे.

पैसे भरायच्या खिडकीवर त्याच्या पुढे एक रंगारी होता. शिडी चढून चढून त्याच्याही गुडघ्याची तीच गत झाली होती. डॉक्टर तेच, इंजेक्शन तेच. खिडकीतल्या माणसाने विमा आहे का विचारलं, रंगारी ओशाळून नाही म्हणाला. चार हजार भरले, आत गेला आणि सलूनवाला पाकिटातून कार्ड काढेपर्यंत बाहेरसुद्धा आला.

सलूनवाल्याला त्याची कीव आली. बिचाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही! स्वतः त्याने बारा वर्षं हप्ते भरले होते. त्यापायी घराला रंग लागला नव्हता आणि बायकोच्या कानात काही आलं नव्हतं. त्याने ऐटीत कार्ड पुढे सरकवलं. खिडकीतला माणूस उठून उभाच राहायचा बाकी होता.

"विमा आहे तुम्हाला! मग बावीस हजार."

"आत्ता त्यांचे चार घेतलेत ना?"

"त्यांना विमा नाही हो. त्यांना कसं परवडेल?"

यात माणुसकी होती, सलूनवाल्याला ती नाकारता येईना. शिवाय पैसे कंपनी देणार होती. फक्त, कंपनी झोपलेल्या पेशंटचेच पैसे देते, बसलेल्या पेशंटचे देत नाही, असं त्याला समजावण्यात आलं. म्हणजे दोन मिनिटांच्या इंजेक्शनसाठी एक रात्र भरती व्हायचं. भरती म्हटली की खोली आली, खोली आली की नर्स आली, आणि एवढं सगळं आलं की छातीचा फोटो आलाच. गुडघ्यासाठी छातीचा फोटो कशाला, असं त्याने विचारून पाहिलं. बिल ऐकताना छाती शाबूत हवी, असं खिडकीतला माणूस म्हणाला नाही, एवढाच त्याचा सभ्यपणा. एकूण छत्तीस हजार आणि त्यात पेशंटचा वाटा अकरा.

सलूनवाल्याने कपाळाला हात लावला. मग हळूच पुढे वाकून म्हणाला, मला विमा नाही असं समजा, मी चार हजार रोख देतो. खिडकीतल्या माणसाचा चेहरा पडला. विमा असताना नाही म्हणणं ही लबाडी आहे, आणि या इमारतीत लबाडी चालत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

तेव्हा सलूनवाला भरती झाला. मागून उघडा झगा घालून, छातीचा फोटो काढून, गुडघा वर करून तो मंजुरीची वाट पाहत पडला. सकाळी कंपनीचा निरोप आला. कंपनीने प्रकरण सहानुभूतीने तपासलं होतं आणि तपासात असं आढळलं होतं, की सदर गुडघा विमा घेण्याच्या आधीपासूनचा आहे. आधीपासूनच्या अवयवांना संरक्षण नाही.

"अहो, जन्मापासूनचा आहे तो," सलूनवाला म्हणाला.

"बघा, तुम्हीच कबूल केलंत," खिडकीतला माणूस म्हणाला.

मंजुरी नाही म्हणून इंजेक्शन नाही. खोली, नर्स आणि छातीचे मात्र चौदा हजार झाले. ते भरून तो गेला होता तसाच लंगडत घरी आला. आयुष्यभर त्याने जगाची हजामत केली, पण इतकी बिनपाण्याने त्याला कधी जमली नव्हती. रात्रभर तो संतापाने धुमसत राहिला. पहाटे मात्र त्याला त्या लोकांविषयी आदर वाटू लागला. माणूस बिघडतो तो असा.

पुढच्या रविवारी नेमका खिडकीतलाच माणूस केस कापायला आला. सलूनवाला स्टुलावर बसूनच होता. उठला नाही.

"विमा आहे का?" त्याने विचारलं.

"केसांचा?"

"आमचं कार्ड आहे. दरमहा हप्ता. कार्ड घेतलंत की केसांची काळजी आमची."

दुसरा कोणी असता तर हसला असता. पण हा जाणकार माणूस. केसांचं काही सांगता येत नाही, कधी वाढतील, असं पुटपुटत त्याने घरातल्या सगळ्यांची कार्डं घेतली आणि खुर्चीत बसला. सलूनवाल्याने बसल्या जागेवरून त्याचं डोकं सहानुभूतीने तपासलं आणि कळवलं, की सदर केस कार्ड घेण्याच्या आधीपासूनचे आहेत. खिडकीतला माणूस मान डोलावत उठला. इतक्या शिस्तीचं सलून आपण पाहिलं नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं.

मग काय, कार्डासाठी रांग लागली. डॉक्टर आले, शेजारपाजार आला. बिनकार्डाचा उरला एकटा रंगारी. तो मागच्या दाराने यायचा आणि जुन्या दरात पाच मिनिटांत केस कापून जायचा. कानांवर बटा आलेले कार्डवाले त्याच्याकडे बघून हळहळायचे, की याला बिचाऱ्याला काहीच संरक्षण नाही.

महिन्यातून एकच डोकं उभ्याने करायचं असल्यामुळे गुडघ्याची सूज आपोआप उतरली. दुकान तर विकलं नाहीच, शेजारचा गाळाही घेतला. एकदा बायको कुरकुरली, की माझ्या भावाचे केस खांद्यावर आलेत, तो जावळ न काढलेल्या बाळासारखा दिसायला लागलाय, एकदा कापून टाका.

"त्याने कार्ड घेतलंय ना?" सलूनवाला म्हणाला. "मग माझा इलाज नाही."

यावर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त हसताना डोळ्यांवर आलेली स्वतःची झुलपं जरा बाजूला करावीत, म्हणजे पुढच्या हप्त्याची तारीख नीट दिसेल.