पंचमीच्या दिवशी पिसवेचं पोट

"पिसवेचं पोट असं उघडून दाखवतो, की साहेब माझी नोकरी तिथल्या तिथं कायम करतील!" धारवाडच्या एका शाळेत शास्त्र शिकवणारे बाळाचार्य बायकोला म्हणाले.

शाळेला नागपंचमीची सुट्टी आणि तपासनीस साहेब दुपारच्या गाडीनं निघायचे, म्हणून आचार्यांची परीक्षा त्यांच्या घरीच ठरली होती. शाळेचं सूक्ष्मदर्शक माजघरात येऊन बसलं होतं. मांजरानं पिसूही पुरवली होती. नव्हती ती फक्त सुरी!

"अनसूया, माझी बारीक सुरी कुठाय?"

"विळीबरोबर कुलपात. आज पंचमी. घरात काही चिरायचं नाही."

"अगं, पिसू म्हणजे काय भोपळा आहे?"

"भोपळा निदान उड्या मारत नाही! जीव आहे तिला. बेड अंदरे बेड! नको म्हणजे नको!"

अनसूयाबाई कानडीत शिरल्या की पुढं अपील चालत नसे. बिचारे आचार्य परसात जाऊन बाभळीचा काटा घेऊन आले. काटा म्हणजे काही शस्त्र नव्हे, एवढं बाईंनी नाक मुरडून मान्य केलं.

तोवर तपासनीस गुरुराज साहेब आले. माणूस कर्मठ, पण खाण्याचा भारी शौकीन! बाईंनी पुढं केलेल्या पंचमीच्या लाडवांवर त्यांनी लगेच हात मारला. इकडं आचार्यांनी श्वास रोखून काटा टोचला, आणि काय सांगावं! पिसवेचं जठर अख्खं सुटून काचेवरच्या थेंबात आलं. आचार्यांचे डोळे भरून आले.

"हेच का ते?" साहेबांनी थेंबावरच बोट ठेवलं. जठर बोटाला चिकटलं. त्याच बोटांनी लाडू तोंडात गेला आणि मागोमाग बोटंही चाटून झाली! काचेवर राहिला तो लाडवाचा एक कण.

 साहेबांनी भिंगाला डोळा लावला.

"काय हो आचार्य, पिसू रक्त पिते ना? हिच्या पोटात तर गूळ अन् खसखस दिसतेय!"

खरं सांगावं, तर कर्मठ वैष्णवाला सणासुदीला पिसू खाऊ घातल्याचं पाप, शिवाय नोकरीवर पाणी. न सांगावं, तर शास्त्र बुडालं. शेवटी आचार्य हात जोडून म्हणाले,

"साहेब, आज पंचमी. आज तीसुद्धा रक्ताला शिवत नाही."

 साहेबांनी आणखी एक लाडू उचलला आणि आचार्यांची नोकरी कायम करून गेले. शास्त्राची नव्हे, पहिलीच्या मुलांना गोष्टी सांगायची!