सुप्रभाकाकूंचा सुरक्षित अपमान

माणसाचा अपमान करणं कुणालाही जमतं. तो सुरक्षितपणे, वेळेत आणि संमतीनं करणं ही सुसंस्कृत समाजाची खूण आहे. या बाबतीत ब्रिटन जगाच्या पुष्कळ पुढे आहे. ब्रॅकनेलजवळच्या एका स्टुडिओत टीव्हीसाठी जी स्वयंपाकाची स्पर्धा चालते, तिथे यासाठी चक्क स्पर्धक-कल्याण विभाग आहे आणि आश्लेषा त्याची मॅनेजर. (विभागात ती एकटीच आहे.)

काम तसं मायेचं. परीक्षक कुणाच्या पदार्थाला नावं ठेवणार असले, की आधी त्या स्पर्धकाचं ब्लड प्रेशर बघायचं, अपमान चालू असताना टिश्यूचा बॉक्स कॅमेऱ्यात येणार नाही असा धरायचा आणि नंतर समुपदेशकाचा नंबर द्यायचा. एकाहत्तर टक्के स्पर्धकांनी आपला अपमान 'चांगला' किंवा 'अतिशय चांगला' झाल्याचं कळवलं आहे. (उरलेल्यांचे फोन लागत नाहीत.) घरी दीड वर्षाची तनू असल्यामुळे आश्लेषाला रडण्याचे प्रकारही ओळखता येतात: भुकेचं, झोपेचं आणि कुणीतरी बघतंय म्हणून वाढवलेलं. स्टुडिओत तिसऱ्याला मागणी जास्त.

अडचण आली ती लंडनमधल्या हॅरोच्या सुप्रभाकाकूंमुळे. आश्लेषा त्यांच्या हातचं खाऊनच मोठी झालेली, म्हणून तिनंच त्यांचं नाव सुचवलं होतं. काकूंनी सुरळीच्या वड्या केल्या. परीक्षकानं एक तोंडात घातली, बाहेर काढली आणि म्हणाला, ओलं कार्पेट चावल्यासारखं वाटतंय. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पीठ जरा सैल झालं असेल म्हणत त्याच्या प्लेटमध्ये आणखी दोन वाढल्या. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला, शेवटी त्याचाच घसा बसला. काकूंनी त्याला चघळायला ओवा दिला.

प्रोड्युसर हवालदिल झाला. अश्रू नाहीत म्हणजे एपिसोडच नाही. त्यानं ठरवलं, काकूंच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावायचा आणि आईच्या स्वयंपाकाबद्दल त्याला खरं काय वाटतं ते विचारायचं. सुयश ब्रिस्टलला इंजिनियर, सरळ माणूस. विचारलं असतं तर खरं सांगून बसला असता.

हे मात्र काकूंना कायमचं लागलं असतं. बाकी नावं ठेवून घेण्याचा त्यांना सराव होता. त्यांचे यजमान पद्माकरकाका निवृत्त डॉक्टर. जेवण बिघडलं तर सविस्तर बोलायचे, जमलं तर न बोलता उठायचे. तेव्हा आश्लेषानं प्रोड्युसरला सुचवलं, की मुलाला राहू द्या, काकूंना एकदा नुसतं छान म्हणून बघा. त्याला हे धोक्याचं वाटलं. कौतुकासाठी स्पर्धकाची लेखी संमती घेतलेली नव्हती.

पण वेळ नव्हता. परीक्षक कार्डावर बघून म्हणाला, "वड्या सुंदर झाल्यात. कुणी शिकवल्या तुम्हाला?"

हे कुणाला म्हणतोय म्हणून काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता. मग त्या जे रडायला लागल्या, ते आश्लेषाच्या कुठल्याच प्रकारात बसेना. ती टिश्यूचा बॉक्स घेऊन सरळ कॅमेऱ्यात शिरली.

टीव्हीवर आधी ओलं कार्पेट दाखवलं आणि लगेच काकूंचं रडणं. कौतुक कापलं होतं. (वेळेअभावी.) आश्लेषा माफी मागायला हॅरोला गेली, तर काकू तिचीच समजूत काढायला लागल्या.

"अगं आशू, बरंच झालं की. शिव्या खाऊन रडले, असं दिसलं. कौतुकानं रडले असं दिसलं असतं, तर ह्यांची केवढी शोभा झाली असती."

हॅरोतल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींनी या क्रूर एपिसोडचा निषेध केला. त्याआधी तो सगळ्यांनी पाहिला, रडण्याची जागा मागे नेऊन दोनदा.

वाचकहो, तुम्ही अर्थातच असलं काही बघत नाही. तुम्ही फक्त काकू रडतात का, हे कळेपर्यंत वाचत राहिलात आणि त्या रडल्यावर तुम्हाला जरा बरं वाटलं. विभागानं तुम्हाला प्रेक्षकसंख्येत धरलं आहे.