मुखवटा आणि चकलीचा डबा

चातुर्मासात सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, असा नेम कसबा बावड्याच्या तवनाप्पांनी बायकोसह घेतला होता आणि आजवर पाळलाही होता. म्हणून उद्या सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जोडीचा सत्कार होता. अशा माणसानं मालिकेच्या नादी लागू नये. पण नात ऐश्वर्यानं क्लासला जाताजाता टीव्हीवर एक लावून दिली आणि तवनाप्पा खुर्चीला चिकटले.

मालिकेचा नायक म्हणायला नायक. काळा कोट, काळा मुखवटा, उडता येत असूनही जिन्यानं येणारा. शब्द देऊन मोडणारा माणूस त्याला लांबूनच कळायचा. मग तो मागच्या दारानं शिरायचा, एकच प्रश्न विचारायचा, आणि पुढचं सगळं तवनाप्पा तोंडावर उशी धरून ऐकायचे.

"आवं, जेवून घ्या. दिवस कलला की," राजमती दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत, कारण त्याही दाराच्या चौकटीला धरून बघत होत्या.

भाग संपला तेव्हा बाहेर सूर्य नव्हता. ताटं तशीच झाकलेली. त्यात पावसाची सर आली आणि लाईट गेली.

"कपडं भिजत्यात!" म्हणत राजमती घाईनं गच्चीकडं धावल्या.

तवनाप्पांच्या पोटात कावळे ओरडत होते. एक चकली खाल्ली तर काय होतंय? अंधारात कोण बघतंय? चाचपडत ते स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर हात फिरवला. डबा जागेवर नव्हता. तेवढ्यात मागचं दार करकरलं.

दारात काळा कोट उभा होता. डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढलेली. आता तो एकच प्रश्न विचारणार! त्याआधीच तवनाप्पांनी हात जोडले.

"चुकलं माझं! अजून खाल्ली न्हाय, पण खाणार हुतो. सत्कार नको, शाल नको, जीव तेवढा ठेवा!"

कोटाच्या तोंडातून फक्त कुडुमकुडुम आवाज येत राहिला.

"वरडू नगासा की!" घास गिळत कोट म्हणाला. "शेजारी ऐकत्याल."

पोराचा रेनकोट घालून गच्चीवरनं उतरलेल्या राजमतींच्या काखेत चकलीचा डबा होता.

"तू? तू खाल्लीस?"

"मग काय करू? त्यो मेला जिना चढत हुता. त्याच्यावरनं नजर काढून सूर्याकडं कशी बघू?"

तवनाप्पांनी मुकाट्यानं डब्यात हात घातला. दोघं जमिनीवर बसून, मागच्या दाराकडं बघत बघत खात राहिले.

"उद्या सत्काराचं काय वो?" राजमतींनी विचारलं.

"खरं सांगायचं. न्हाय तर त्यो यील."

सकाळी बस्ती भरली होती. अध्यक्ष गुंडूअण्णा म्हणजे नेमाच्या बाबतीत भलतेच करडे. त्यांनी शाल उघडली आणि तवनाप्पांनी माईक घेतला.

"शाल नको. आमचा नेम काल मोडला. दोघांचाबी."

राजमतींनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. गुंडूअण्णांचा चेहरा पडला. त्यांनी हळूच माईकवर हात ठेवला, बस्तीच्या मागच्या दाराकडं एकदा बघितलं आणि तवनाप्पांच्या कानाशी वाकले.

"काळ्या कोटातला, त्योच का? आमचा तर परवाच मोडला."

तवनाप्पांनी मान डोलावली.

"पुढं काय हुतंय ते तेवढं सांगू नगा," गुंडूअण्णा कुजबुजले. "मी अजून जिन्यावरच हाय."